गोव्यातून अग्निवीर: कागदांपासून पहिल्या पगारापर्यंत

कोल्हापूर-साताऱ्याकडच्या गावांत वाड्यागणिक एखादा निवृत्त हवालदार सापडतो. मुलाने अर्ज भरायच्या आधीच त्याला पेटीत काय न्यायचे तेसुद्धा ठाऊक असते. गोव्यात तसे नाही. इथे बोटीवर कसे जायचे, आखातात कोणते काम मिळते, हे सांगणारे दहा जण भेटतील. फौजेत जायचे म्हटले की चौकशी थेट सायबर कॅफेवाल्यापाशी जाऊन थांबते. दाबोळीला नौदलाचा विमानतळ आहे, वेऱ्याला नेव्हल वॉर कॉलेज आहे, बांबोळीला छावणी आहे, पण त्यांच्या फाटकावर जाऊन कुणाची भरती होत नाही.

पुढचे सगळे भूदलात अग्निवीर म्हणून, म्हणजे अग्निपथ योजनेखाली चार वर्षांसाठी, जाणाऱ्यांसाठी आहे. नौदल आणि हवाईदलाचे अर्ज, परीक्षा आणि प्रशिक्षण वेगळे असते. एक गोष्ट मात्र आत्ताच सांगून ठेवतो: धावण्याचा सराव उद्या पहाटे सुरू करता येतो, कागदांच्या दुरुस्तीला महिने लागतात. म्हणून सुरुवात कागदांपासून.

१. आपण बसतो का ते आधी पाहा

किमान वय साडेसतरा वर्षे. वरची मर्यादा योजना सुरू झाली तेव्हा २१ वर्षे होती, फक्त २०२२ च्या पहिल्या भरतीला ती २३ केली होती. दर वर्षीच्या अधिसूचनेत ‘या तारखेपासून या तारखेपर्यंत जन्मलेले’ असे स्पष्ट छापलेले असते. वय मोजत बसू नका, त्या दोन तारखा पाहा. अविवाहित असणे ही अट आहे. अठरा पूर्ण नसतील तर आईवडिलांची लेखी संमती लागते.

शिक्षणाची अट पदाप्रमाणे बदलते.

जनरल ड्यूटी: दहावी, एकूण ४५ टक्के आणि प्रत्येक विषयात किमान ३३.

टेक्निकल: बारावी विज्ञान, भौतिक, रसायन, गणित आणि इंग्रजीसह, एकूण ५० टक्के आणि प्रत्येक विषयात ४०. आयटीआयवाल्यांसाठी वेगळी तरतूद असते, ती अधिसूचनेत पाहा.

क्लार्क आणि स्टोअरकीपर: बारावी कोणत्याही शाखेची, एकूण ६० टक्के, प्रत्येक विषयात ५०. टायपिंगचीही परीक्षा होते.

ट्रेड्समन: दहावी पास. हाउसकीपर आणि मेसकीपर या दोन कामांसाठी आठवी पास चालते.

मुलींसाठी मिलिटरी पोलिसात जागा निघतात. त्यांची धाव मुलांएवढ्याच अंतराची, १.६ किलोमीटर, पण वेळ वेगळी: साडेसात मिनिटांच्या आत आल्यास पहिला गट.

गोव्यात आणखी एक प्रश्न येतो, जो घाटावर कुणाला पडत नाही: पोर्तुगीज नोंदणीचा. आजोबा पोर्तुगीज राजवटीत जन्मले या आधारावर घरात कुणी पोर्तुगीज नागरिकत्वासाठी लिस्बनला नोंदणी करून घेतली असेल, तर तुमचे नाव त्यात गेले आहे का ते वडिलांना आत्ताच विचारा. भारतीय कायद्यानुसार स्वखुशीने परदेशी नागरिकत्व घेतलेला माणूस भारताचा नागरिक राहत नाही, आणि भरती भारतीय नागरिकाचीच होते (नेपाळी तरुणांसाठी वेगळी सोय आहे). नुसती नोंद आहे की पुढे कार्ड-पासपोर्टही निघाला, यावर बरेच अवलंबून असते. असे काही असेल तर अर्ज भरण्याआधी वकिलाला कागद दाखवा. लपवून पुढे गेल्यास पोलिस पडताळणीत अडकाल, तेही नोकरी लागल्यावर.

२. नावाचे स्पेलिंग

सगळ्यात जास्त वेळ याच पायरीला द्या.

ऑनलाइन अर्जात नाव, वडिलांचे नाव, आईचे नाव आणि जन्मतारीख दहावीच्या प्रमाणपत्राप्रमाणेच भरायची असते. आधारवर वेगळे आणि दाखल्यावर तिसरेच असेल तर मैदान मारल्यावरही कागद तपासणीच्या टेबलावर अडवतात. गोव्यात हा घोळ जुना आहे. आजोबांच्या कागदांवर ‘नायक’च्या शेवटी क्यू-यू-ई, ‘शिरोडकर’ची सुरुवात एक्सने आणि मधला क सीने. वडिलांनी शाळेत साधे स्पेलिंग लावले, पण घराच्या कागदांवर जुनेच राहिले. मग मुलाच्या जन्मदाखल्यात वडील एका स्पेलिंगचे आणि दहावीच्या प्रमाणपत्रात दुसऱ्या.

गावाच्या नावाचेही तेच. मराठीत डिचोली, साखळी, पेडणे. इंग्रजी कागदावर बिचोलिम, सांकेलिम, पेर्नेम. पत्त्यात कुठे वाड्याचे नाव, कुठे पंचायतीचे. एक इंग्रजी रूप ठरवा आणि सगळीकडे तेच चालवा.

करायचे काय ते असे. एका कोऱ्या कागदावर चार रकाने आखा: तुमचे नाव, वडील, आई, जन्मतारीख. खाली ओळीने दहावीचे प्रमाणपत्र, जन्मदाखला, आधार, पॅन, बँक पासबुक आणि रहिवासी दाखला. प्रत्येकावरचे स्पेलिंग अक्षर न अक्षर उतरवा. मधले नाव आहे की नाही, आडनावाआधी जागा सोडली आहे का, ‘कुमार’ जोडून आहे की सुटे, सगळे. जिथे फरक दिसेल तिथे लाल खूण करा. दहावीचे प्रमाणपत्र प्रमाण धरून बाकीचे त्याच्याशी जुळवत जा.

आधार आणि पॅन दुरुस्त होतात, थोडे थांबावे लागते इतकेच. जन्मनोंदीतली चूक जिथे जन्म नोंदवला त्या पंचायतीत किंवा पालिकेत. दहावीच्या प्रमाणपत्रातच चूक असेल तर आधी शाळेत मुख्याध्यापकांकडे. शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये नाव बरोबर असेल तर त्यांच्या पत्रासह प्रकरण पर्वरीला गोवा बोर्डाकडे जाते. रजिस्टरमध्येच चूक असेल तर काम लांबते. आडनावच बदलायचे असेल तर गोव्यात त्यासाठी १९९० चा स्वतंत्र कायदा आहे, अर्ज सिव्हिल रजिस्ट्रारकडे जातो. राजपत्रात जाहिरात दिली, झाले, असा शेजारच्या राज्यातला सल्ला इथे पुरत नाही.

प्रतिज्ञापत्राने सगळे भागते असेही सांगणारे भेटतात. ‘या दोन्ही नावांची व्यक्ती एकच’ असे प्रतिज्ञापत्र आईच्या नावातल्या बारीक फरकाला कधी चालून जाते. तुमच्या जन्मतारखेतल्या फरकाला चालत नाही.

३. कागदांची थैली

रॅलीला, म्हणजे ऑनलाइन परीक्षेनंतरच्या मैदानी भरतीला, मूळ कागद आणि प्रत्येकाच्या दोन साक्षांकित झेरॉक्स लागतात. लॅमिनेट केलेले प्रमाणपत्र नेऊ नका. उलटसुलट पाहणाऱ्याला ते खटकते. यादी:

ऑनलाइन निघालेले प्रवेशपत्र, चांगल्या प्रिंटरवर छापलेले. बारकोड अस्पष्ट असेल तर फाटकावरच खोळंबा.

पासपोर्ट आकाराचे २० फोटो. पांढरी पार्श्वभूमी, तीन महिन्यांच्या आतले, केस कापलेले, दाढी केलेली. चेहरा गोरा करून देणारे स्टुडिओ टाळा. फोटो आणि माणूस जुळला पाहिजे.

दहावी-बारावीची गुणपत्रके आणि प्रमाणपत्रे.

रहिवासी दाखला, मामलेदार कचेरीतून, फोटोसह. अर्ज गोवा ऑनलाइन पोर्टलवरून करता येतो. तलाठ्याच्या चौकशीसाठी घरी कुणीतरी असू द्या.

जातीचा दाखला. त्यात धर्माचा उल्लेख नसेल तर धर्माचा वेगळा दाखला.

शाळेचा चारित्र्याचा दाखला, मुख्याध्यापकांच्या सहीचा.

सरपंचांचा किंवा पालिकेचा चारित्र्याचा दाखला आणि अविवाहित असल्याचा दाखला, दोन्हींवर फोटो. हे सहा महिन्यांच्या आतले लागतात. उत्साहाने अर्जाच्या दिवशीच काढून ठेवले तर रॅलीपर्यंत शिळे होतात. ऑनलाइन परीक्षेचा निकाल लागल्यावर काढा.

अधिसूचनेतल्या नमुन्याप्रमाणे प्रतिज्ञापत्र, १० रुपयांच्या स्टॅम्प पेपरवर, नोटरीच्या सहीसह. मजकूर शब्दशः तोच हवा. नोटरीकडचा तयार मसुदा घेऊ नका.

आधार, पॅन, पासबुक. एनसीसी किंवा खेळाची प्रमाणपत्रे असतील तर ती. त्यांना जादा गुण आहेत. वडील फौजेत असतील तर नात्याचा दाखला.

सरपंचांच्या दाखल्याचा नमुना अधिसूचनेच्या मागे छापलेला असतो. तो छापून पंचायतीत घेऊन जा. पंचायतीच्या नेहमीच्या लेटरहेडवर ‘सदर इसमास मी ओळखतो’ एवढेच लिहून मिळते, आणि त्यावर फोटो नसतो.

४. अर्ज आणि ऑनलाइन परीक्षा

अर्ज लष्कराच्या ‘जॉइन इंडियन आर्मी’ या सरकारी संकेतस्थळावरच होतो. शुल्क २५० रुपये. त्याशिवाय कुणालाही एक पैसा द्यायचा नसतो. ‘आतला माणूस आहे’ म्हणणाऱ्याला टाळणे सोपे जावे म्हणून हे लक्षात ठेवा की परीक्षा संगणकावर होते आणि धाव घड्याळावर.

उत्तर आणि दक्षिण गोवा हे दोन्ही जिल्हे कोल्हापूरच्या आर्मी रिक्रूटिंग ऑफिसखाली येतात. अर्जात जिल्हा निवडताना रहिवासी दाखल्यावर आहे तोच निवडा. मामाकडे बेळगावात राहून शिकत असलात तरी दाखला गोव्याचा असेल तर गोवाच.

मोबाइल क्रमांक आणि ईमेल स्वतःचा द्या. सायबर कॅफेवाल्याने स्वतःचा ईमेल टाकला आणि पुढे पासवर्डच मिळाला नाही, असे दर भरतीत होते. आता पात्रता असेल तर दोन पदांसाठी अर्ज करता येतो. बारावीला ६० टक्के असतील तर जनरल ड्यूटीबरोबर क्लार्कही भरा.

जनरल ड्यूटीच्या परीक्षेत एका तासात ५० प्रश्न, १०० गुण, उत्तीर्ण व्हायला ३५. बरोबर उत्तराला २ गुण, चुकीला अर्धा गुण वजा. म्हणजे चार चुका मिळून एक बरोबर उत्तर खातात. चारपैकी दोन पर्याय खात्रीने खोडता आले तर उत्तर द्या. एकही खोडता येत नसेल तर सोडा. नुसते ३५ मिळवून पुढे जात नाही, रॅलीला बोलावणे गुणांच्या क्रमाने येते. प्रश्नपत्रिका आता मराठीतूनही घेता येते. इंग्रजी माध्यमात शिकलात तर हौसेने मराठी निवडू नका: ‘लघुत्तम साधारण विभाज्य’ वाचून कोड्यात पडाल.

५. मैदान

रॅलीचे ठिकाण प्रवेशपत्रावर असते. गोव्यापासून दूर असेल असे धरून चाला. बोलावणे मध्यरात्रीचे किंवा पहाटेचे असते, त्यामुळे आदल्या दुपारपर्यंत गावात पोचा. पावसाळ्यात चोर्ला किंवा आंबोली घाटात दरड आली तर दिवस फुकट जातो आणि तारीख बदलून मिळत नाही. स्मार्टफोन पूर्ण चार्ज केलेला आणि त्यात दोन जीबी डेटा शिल्लक असू द्या: रॅलीतली अनुकूलता चाचणी (फौजी जीवनाशी जुळवून घेता येईल का ते पाहणारी) आपल्याच फोनवर द्यावी लागते.

धाव १.६ किलोमीटर. साडेपाच मिनिटांच्या आत आलात तर पूर्ण ६० गुण, ५ मिनिटे ३१ सेकंद ते ५:४५ मध्ये ४८. एका सेकंदाला १२ गुण. त्यापुढचे गट भरतीगणिक बदलतात, म्हणून साडेपाचच डोक्यात ठेवा.

४०० मीटरच्या ट्रॅकवर चार फेऱ्या होतात. साडेपाच मिनिटांना चारने भागले की फेरीला साडेब्याऐंशी सेकंद. बहुतेक मुले पहिली फेरी सत्तर सेकंदांत मारतात, कारण दोनशे जण एकदम सुटतात आणि ढकलाढकलीत मागे राहायची भीती वाटते. तिसऱ्या फेरीत त्यांचे पाय जड होतात आणि ती नव्वदच्या पुढे जाते. सरावात घड्याळ लावून ८०, ८३, ८४, ८० असा हिशेब बसवा. पहिली किंचित जोरात, शेवटची सगळा दम लावून. एकूण ३२७ सेकंद, म्हणजे तीन सेकंद हातात राहतात.

किनाऱ्यावर पळण्याची गोव्यात चंगळ आहे, पण मऊ वाळूत पळून धाव वाढत नाही, पोटऱ्या मात्र भरतात. ओल्या घट्ट वाळूला समुद्राकडे उतार असतो, एकाच दिशेने रोज पळालात तर एका गुडघ्यावर भार येतो. आठवड्यातून एकदा किनारा ठीक. बाकीचे दिवस मातीचे मैदान किंवा ट्रॅक. डांबरी रस्त्यावर रोज पळू नका, नडगी दुखायला लागते, आणि तीच दुखणी पुढे ट्रेनिंगमध्ये उफाळतात.

बीम, म्हणजे पुलअप्स: दहा मारले की ४० गुण, नऊला ३३, आठला २७, सातला २१, सहाला १६. सहाच्या खाली नापास. हात पूर्ण सरळ करून लटकायचे, हनुवटी दांड्याच्या वर, झोका नाही. अर्ध्या हाताने मारलेला बीम मोजणारा मोजतच नाही. घरी आंब्याच्या फांदीवर पंधरा मारणाऱ्याला मैदानावर सात पडतात, कारण धावेनंतर लगेच बीम येतो आणि दांडा घामाने निसरडा असतो. सरावही तसाच करा: आधी १.६ किलोमीटर, पाच-दहा मिनिटांनी बीम.

नऊ फुटांचा खड्डा आणि झिगझॅग बॅलन्स (अरुंद नागमोडी फळीवरून तोल सांभाळत चालणे) यांना गुण नाहीत, फक्त पार करायचे. छाती ७७ सेंटिमीटर आणि फुगवून पाच जास्त. फुगवण्याचा सराव न केल्याने धडधाकट मुले इथे अडतात. उंचीची अट प्रदेश आणि पदाप्रमाणे ठरते. अधिसूचनेत आपल्या राज्यासमोरचा आकडा पाहा आणि सकाळी, भिंतीला टाचा लावून मोजा.

६. मेडिकल

अपात्र ठरण्याची बरीच कारणे आधी घरच्या डॉक्टरकडे सापडू शकतात. कानात मळ असेल तर पडदा दिसत नाही आणि तात्पुरते अनफिट करतात. रॅलीच्या दोन आठवडे आधी कान डॉक्टरकडून साफ करून घ्या, काडी घालू नका. दातांचे किमान १४ पॉइंट (चांगल्या दातांना मिळणारे गुण) लागतात, किडलेले दात भरून घ्या. गुडघे एकमेकांना टेकणे, सपाट तळवे, रंगांधळेपणा, व्हेरिकोसील (वृषणाजवळच्या शिरा फुगणे), हायड्रोसील (अंडकोषात पाणी साठणे) हे तपासतात. शेवटच्या दोन्हींवर शस्त्रक्रिया होते, पण जखम पूर्ण भरायला वेळ हवा.

टॅटूबद्दल किनारपट्टीच्या मुलांनी विशेष सांभाळावे. कायमचा टॅटू फक्त कोपरापासून मनगटापर्यंत हाताच्या आतल्या बाजूला आणि तळहाताच्या मागच्या बाजूला चालतो. दंडावर, मानेवर, छातीवर नाही. आदिवासी समाजाच्या परंपरेतल्या गोंदणाला सवलत आहे. लेझरने काढायचा असेल तर बऱ्याच बैठका लागतात. रॅलीच्या तोंडावर ते जमत नाही.

अनफिट केले तर कारण कागदावर लिहून मिळते आणि लष्करी रुग्णालयात फेरतपासणी मागता येते. मुदत थोडी असते. घरी येऊन विचार करू म्हणाल तर ती उलटते.

७. पेटी

निवड झाल्यावर रिक्रूटिंग ऑफिसातून बोलावणे येते आणि तिथूनच प्रशिक्षणाच्या सेंटरला रवानगी होते. गोव्याला सगळ्यात जवळचे पायदळाचे सेंटर बेळगावचे मराठा लाइट इन्फंट्रीचे. पण कुठे जाल ते पद आणि रिकाम्या जागांवर ठरते: तोफखाना नाशिक रोडला, रणगाडे अहिल्यानगरला, बॉम्बे सॅपर्स (लष्करी अभियंते) खडकीला, सिग्नल्सचे (संदेशवहनाचे) एक सेंटर तर गोव्यातच.

वर्दी, बूट, पीटीचे कपडे, बिस्तरा हे सेंटरमध्ये मिळते. न्यायचे ते इतकेच: काळी लोखंडी पेटी आणि दोन कुलपे, पांढरी बनियन आणि अंतर्वस्त्रे सहा-सहा जोड, टॉवेल दोन, रबरी चपला, दाढीचे सामान, काळे बूट पॉलिश आणि ब्रश, सुईदोरा, न पुसणारे मार्कर पेन, दहा फोटो, सगळ्या कागदांची एक झेरॉक्स प्रत घरी आणि एक पेटीत. प्रत्येक कपड्यावर नाव घाला. बॅरकीत चाळीस बनियन एकसारख्या असतात. डिसेंबर-जानेवारीत बेळगावला जात असाल तर गरम इनर न्या. मडगावच्या हवेत वाढलेल्या अंगाला तिथली पहाट चांगलीच झोंबते.

बँक खाते इथेच निस्तरा. शाळेत शिष्यवृत्तीसाठी उघडलेले खाते बहुधा अल्पवयीनाचे किंवा पालकांबरोबर संयुक्त असते. पगाराला स्वतःच्या एकट्याच्या नावाचे खाते लागते. अठरा पूर्ण झाल्यावर त्याचे केवायसी नव्याने करावे लागते, आणि दोन वर्षे व्यवहार नसेल तर खाते निष्क्रिय झालेले असते. पतसंस्थेतले खाते नको. पहिला पगार ‘अडकला’ अशी जी तक्रार ऐकू येते, तिचे मूळ बरेचदा इथे असते.

८. ट्रेनिंग

एकूण काळ साधारण सहा-सात महिने. आधी बेसिक मिलिटरी ट्रेनिंग सुमारे दहा आठवडे, मग आपल्या शाखेचे. पहिली तुकडी जानेवारी २०२३ मध्ये सेंटरांत दाखल झाली आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये बाहेर पडली, यावरून अंदाज येईल.

दिवस पहाटे साडेचार-पाचला सुरू होतो. दाढी, बिस्तरा, फॉल-इन, पीटी, नाश्ता, ड्रिल, वर्ग, हत्यारांचे प्रशिक्षण, दुपारनंतर खेळ, संध्याकाळी रोल कॉल. शिकवणाऱ्याला उस्ताद म्हणायचे. सुभेदार, नायब सुभेदार यांना साहेब. कामाची भाषा हिंदी. घरात कोकणी, शाळेत इंग्रजी आणि वाचनापुरती मराठी असलेल्या मुलाला पहिले दोन आठवडे जड जातात. निदान ड्रिलचे हुकूम आधी कानावरून जाऊ द्या: सावधान, विश्राम, दाहिने मुड, बाएँ मुड, पीछे मुड, तेज चल, थम. हुकमाचा पहिला भाग लांब ओढतात आणि शेवटच्या शब्दावर हालचाल होते. ‘दाहिनेऽऽ’ ऐकताच वळलात तर उस्तादाच्या नजरेत पहिल्याच दिवशी भरता.

जेवण लंगरमध्ये. डाळ, भाजी, चपाती मुख्य, भातही असतो, अंडी-मटणही येते. रोजचे नुस्ते (मासे) विसरा. चपातीची सवय घरीच लावून घ्या. पहिल्या महिन्यात भूक लागते पण चपाती जात नाही, आणि वजन उतरते.

पायांकडे सर्वांत जास्त लक्ष द्या. बारा महिने चपलेत गेलेल्या पायाला बूट चावतात. टाचेला लाली दिसली की त्याच रात्री उपाय करा, फोड फुटल्यावर नको. मोजे रोज धुऊन पूर्ण वाळवून घाला. नडगीच्या हाडावर एका बोटाएवढ्या जागेत दाबून दुखत असेल आणि पळताना वाढत असेल, तर तो स्नायूचा त्रास समजून अंगावर काढू नका. हाडाला बारीक चीर पडण्याची ती सुरुवात असू शकते. सिक रिपोर्ट (आजारी असल्याची नोंद) करून एमआय रूममध्ये, म्हणजे सेंटरच्या दवाखान्यात, दाखवा. कामचुकार म्हणतील या भीतीने आठ दिवस काढणाऱ्याला मग कित्येक आठवडे बसावे लागते आणि तो मागच्या तुकडीत टाकला जातो. याला रिलेगेट होणे म्हणतात. चाचण्यांत पुन्हापुन्हा नापास झाल्यावरही रिलेगेट करतात.

मुख्य शारीरिक चाचण्या दोन: पीपीटी (शारीरिक क्षमतेची) आणि बीपीईटी (लढाईच्या सामानासह घेतली जाणारी). दुसरीत वर्दी, हत्यार आणि सामानासह पाच किलोमीटर धाव असते, शिवाय दोर चढणे आणि नऊ फुटांचा खड्डा. दोर हातांनी चढायला जाल तर अर्ध्यावर लटकाल. पायांच्या पकडीवर उभे राहायला शिका. माडावर चढणाऱ्याला हे सांगावे लागत नाही.

मोबाइल जमा करून घेतात आणि ठरलेल्या दिवशी थोडा वेळ देतात. घरच्यांना आधीच सांगून ठेवा की आठ दिवस फोन आला नाही म्हणून सेंटरला फोन करत सुटू नये. सुट्टी साधारणपणे कसम परेडनंतरच, म्हणजे ट्रेनिंग संपताना शपथ घेतल्यावरच, मिळते. चतुर्थीला घरी येईन असे आईला सांगून जाऊ नका.

९. पगार: हातात किती?

जाहिरातीत ‘३०,००० रुपये’ असते. हातात तेवढे येत नाहीत. दरमहा ३० टक्के अग्निवीर कॉर्पस फंडात जातात:

पहिले वर्ष: ३०,००० पैकी हातात २१,०००, फंडात ९,०००.
दुसरे वर्ष: ३३,००० पैकी २३,१००, फंडात ९,९००.
तिसरे वर्ष: ३६,५०० पैकी २५,५५०, फंडात १०,९५०.
चौथे वर्ष: ४०,००० पैकी २८,०००, फंडात १२,०००.

चार वर्षांत तुमचे ५.०२ लाख जमा होतात, सरकार तेवढेच घालते. मूळ रक्कम १०.०४ लाख, व्याज धरून योजनेच्या सुरुवातीला सांगितलेला आकडा सुमारे ११.७१ लाख. हा सेवानिधी करमुक्त आहे. मध्ये काढता येत नाही, बहिणीच्या लग्नालाही नाही.

ट्रेनिंगमध्येही पगार चालू असतो. राहणे-जेवण सरकारी, त्यामुळे हातातले बरेचसे शिल्लक पडते. न्हावी, धोबी, कॅन्टीनचे सामान अशा किरकोळ वजावटी असतात. महागाई भत्ता अग्निवीराला नाही. जोखमीच्या जागी पोस्टिंग झाले तर तिथला भत्ता मिळतो, त्यामुळे सियाचीनकडच्या मुलाची आणि पुण्यातल्या मुलाची स्लिप सारखी नसते. त्यावरून घरी वाद नको.

पगाराची स्लिप लष्कराच्या हमराज अॅपवर दिसते. पहिल्या तीन स्लिपा नीट वाचा. नाव, खाते क्रमांक आणि फंडाची वजावट तपासा. चूक असेल तर कंपनीच्या (आपल्या तुकडीच्या) क्लार्कला सांगा. पे ऑफिसला पत्र तिथूनच जाते. पहिला पगार कागद तयार होईपर्यंत उशिरा येतो आणि मागचे एकदम जमा होते, तेव्हा निघताना दोन-तीन हजार रुपये जवळ असू द्या.

खाते सुरू झाले की बँकेकडून कर्जाचे फोन येतात, विम्यावाले येतात. चार वर्षांच्या नोकरीवर पाच वर्षांचा मोटरसायकलचा हप्ता बांधून घेऊ नका.

१०. विमा, रजा आणि चार वर्षांनंतर

विमा ४८ लाखांचा, हप्ता भरावा लागत नाही. सेवेमुळे मृत्यू आला तर ४४ लाखांचे वेगळे अनुदान. अपंगत्व आल्यास टक्केवारीप्रमाणे ४४, २५ किंवा १५ लाख. वारसाचे नाव पहिल्या आठवड्यातच भरून घेतात. तिथेही आईचे नाव आधारप्रमाणे लिहा. रजा वर्षाला ३० दिवस, आजारपणाची डॉक्टरच्या सल्ल्यानुसार.

चार वर्षांनंतर २५ टक्क्यांपर्यंत अग्निवीरांना कायम सेवेत घेतले जाते. त्यात एक बारीक मुद्दा आहे: कायम झालेल्याला सेवानिधीतला स्वतःचा वाटा आणि त्यावरचे व्याजच मिळते, सरकारचा वाटा नाही. कारण पुढे त्याला नियमित पगार आणि पेन्शनचा हक्क येतो. स्वतःच्या विनंतीवरून मध्येच बाहेर पडणाऱ्यालाही फक्त स्वतःचाच वाटा, आणि तशी परवानगी अपवादानेच मिळते.

बाहेर पडणाऱ्याला पेन्शन, ग्रॅच्युइटी, कॅन्टीन कार्ड आणि माजी सैनिकाचा दर्जा नाही. घरी हे आत्ताच स्पष्ट सांगा, म्हणजे चार वर्षांनी शेजारी विचारतात म्हणून कुणाची मान खाली जायला नको. दहावीवर गेलेल्यांना मुक्त विद्यालयातून बारावीच्या समकक्ष प्रमाणपत्राची सोय आहे. दुसऱ्या वर्षीच नाव नोंदवा, शेवटच्या वर्षी पोस्टिंग कुठे असेल सांगता येत नाही. केंद्रीय सशस्त्र पोलिस दलांत माजी अग्निवीरांसाठी जागा राखीव आहेत, तिथे ते प्रमाणपत्र उपयोगी पडते.

सुटताना डिस्चार्जचे कागद आणि कौशल्य प्रमाणपत्र मिळते. दुसऱ्या पायरीत आखलेला तो चार रकान्यांचा कागद तेव्हा पुन्हा काढा आणि सही करण्याआधी सगळी स्पेलिंग ताडून पाहा. तिथल्या तिथे क्लार्क दुरुस्त करून देतो. घरी आल्यावर तेच काम रेकॉर्ड ऑफिसच्या पत्रव्यवहारात महिनोन्महिने फिरते.